सात नंबर सोडून

सरांना माझं नाव माहीत होतं की नाही, याची मला अजून शंका आहे. धनजच्या शाळेत ते आम्हाला पीटी शिकवायचे, तेव्हा हजेरीपटावर माझा नंबर एकोणीस होता. पुढे मी शिकले, लग्न होऊन वाशिमला आले, पोस्टात लागले, दोन मुलं झाली, डोक्यात पांढरे केस आले. एवढं सगळं होऊन गेल्यावर एक दिवस पोस्टाच्या खिडकीसमोर पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेला एक काटक म्हातारा येऊन उभा राहिला. काचेतून मला निरखत म्हणाला, "एकोणीस ना तू?"

मी ताडकन उभी राहिले. शेजारच्या खिडकीतली बाई घाबरली. तिला वाटलं, वरून तपासणी आली.

"पाठ पाह्य कशी वाकली तुही," सर म्हणाले. "दिवसभर खुर्चीत बसत असशीन."

पाकिटाला तिकीट लावलं, माझा फोन नंबर लिहून घेतला, आपला एका कागदावर लिहून आत सरकवला आणि निघून गेले. लग्न झालं का, मुलंबाळं किती, काही विचारणं नाही. तीस वर्षांनी भेटलेल्या विद्यार्थिनीशी कोणी असं बोलतं का? सर बोलायचे. मला राग आला, पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी ताठ बसले होते हेही खरं.

निवृत्त झाल्यावर सर आपल्या गावी, केनवडला, राहायला गेले होते. बायको वारलेली, मुलगा नोकरीनिमित्त लांब. मुलांच्या शाळा फोनवर भरत होत्या त्या काळात नातवाने त्यांना व्हिडिओचा वर्ग कसा भरवायचा ते शिकवलं. पुढे मुलं शाळेत परत गेली, सर मात्र फोनवरच राहिले. रोज सकाळी साडेसहाला ते साठीच्या पुढच्या लोकांना योग शिकवायचे. केनवड, मालेगाव, रिसोड, धनज, जिथून जिथून त्यांची ओळख निघाली तिथून म्हातारी माणसं ओसरीत नाहीतर अंगणात फोन मांडून बसायची. योग हा शब्द आमचा. सर त्याला 'तास' म्हणायचे.

तासाचे नियम शाळेचेच होते. सर स्वतःच्या घरात, स्वतःच्या फोनसमोर, पूर्ण पांढऱ्या गणवेशात उभे असायचे. बूट काढून भिंतीशी जोडीने ठेवायचे. तास चालू असताना घराला आतून कडी. हजेरीपट खरा, लांब, निळ्या रेघांचा. फोनमध्ये आपोआप दिसणाऱ्या नावांवर त्यांचा विश्वास नव्हता. प्रत्येकाला नंबर. नंबर पुकारला की "हजर" म्हणायचं. गैरहजर राहायचं तर आदल्या दिवशी अर्ज, तोही तोंडी रेकॉर्ड करून पाठवायचा. लग्नाचं कारण चालायचं, पाहुण्यांचं चालायचं, कंटाळा आला असं खरं सांगितलं तर अर्ध्या दिवसाची रजा मिळायची. "गुडघा दुखते" हे कारण मात्र नामंजूर. "मंग तास कायले ठेवला मी?" असं विचारायचे.

आणि शिट्टी. शाळेतली तीच पितळेची शिट्टी, काळ्या दोरीत ओवलेली. एक प्रकार संपून दुसरा सुरू करायचा की सर जोरात शिट्टी वाजवायचे. गंमत अशी की त्या फोनमधल्या यंत्रणेला शिट्टी म्हणजे गोंगाट वाटायचा आणि ती तो आवाज गाळून टाकायची. आम्हाला नुसते सरांचे गाल फुगलेले दिसायचे. गाल फुगले की बदलायचं, हे सगळे म्हातारे आपापल्या परीने शिकले होते. सरांना हे वर्षभर कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटी मी सांगितलं.

"मले त ऐकू येते ना," सर म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवली.

मी त्या वर्गात गेले ती आईमुळे. बाबा गेल्यापासून आई धनजला एकटी राहते. घरामागच्या तुकड्यात तिने वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावलेली असते, त्यात ती दिवसभर रमते. एकदा सकाळी न्हाणीत तिचा पाय घसरला. हाड मोडलं नाही, मुका मार लागला, बस. पण तिला उठता येईना. भाजी न्यायला शेजारीण आली तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन तास, ती ओल्या फरशीवर पडून होती. मी पोचले तर म्हणाली, "पडल्याचं काही नाही वं. उठताच येये ना, त्याची लाज वाटली."

भाऊ पुण्याला असतो. त्याने फोनवरच निकाल दिला: दिवाळीत गाडी घेऊन येतो, घराला कुलूप लावू, आई पुण्याला येईल. आई म्हणाली, मी येत नाही. तो म्हणाला, पुन्हा पडलीस तर? आईने फोन माझ्या हातात दिला. आई पुण्याच्या सहाव्या मजल्यावर सहा महिनेही काढणार नाही हे मला कळत होतं, पण न्हाणीतले ते दोन तास डोळ्यासमोरून जात नव्हते. अशा वेळी मला सरांचा फोन नंबर सापडला.

सरांनी आईचं वय विचारलं नाही, साखर किती, बीपी किती विचारलं नाही. एकच प्रश्न केला. "जमिनीवरून एकटीनं उठता येते का? कोनाचा हात न धरता?"

"नाही येत."

"मंग तेच शिकू. बाकी सारं फुकटचं हाये."

सरांचा योग एवढाच होता. आसनांची नावं त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकली. वरच्या फळीवरचा डबा काढायचा हात, कपाशी वेचायची कंबर, असं ते सांगायचे, आणि सगळे रस्ते शेवटी एका ठिकाणी यायचे: खाली बसा, आडवे व्हा आणि कोणाला न बोलावता उठा. "पडनं आपल्या हातात नाही," ते रोज म्हणायचे, "उठनं हाये." रिसोडकडच्या एका निवृत्त तलाठ्यांनी एकदा हौसेने विचारलं, सर, शीर्षासन कधी घेणार? सरांनी त्यांना तीन दिवस वर्गाबाहेर ठेवलं. "ज्याले सरळं उभं राहता येत नाही त्याले उलटं होऊन काय पाहाचं हाये?"

आईला सात नंबर मिळाला. आधीच्या कोणी बाई मुलीकडे राहायला गेल्या होत्या, त्यांची जागा रिकामी होती. मला, आईचा फोन लांबून सांभाळायला म्हणून, साठीपुढच्यांच्या वर्गात बसवून घेतलं. तेव्हा वर्गात चौदाच माणसं होती, तरी माझा नंबर एकोणीस; मधले नंबर पुढे भरत गेले.

आईच्या पहिल्या तासाला मी मुद्दाम धनजला गेले होते. फोन कोनाड्यात ठेवला, सतरंजी अंथरली. सरांनी हजेरी घेतली. "सात" म्हटल्यावर आई गप्प. मी कोपराने ढोसलं, तरी गप्प. मीच "हजर" म्हटलं तर सर म्हणाले, "एकोणीस, परॉक्सी नाही चालत." मग सगळ्यांना आडवं व्हायला सांगितलं. सगळे झाले. आईने पदर कपाळापर्यंत ओढला आणि मांडी घालून बसून राहिली.

"अवं झोप ना," मी म्हटलं.

"बह्याड झाली का तू?" आई कुजबुजली. "थे वरच्या खान्यात पाह्य. भासरे बसले हायेत."

मी पाहिलं. चार नंबर म्हणजे आमचे मोठे बाबा, वडिलांचे थोरले भाऊ. ते मालेगावला मुलाकडे राहतात, हे माहीत होतं. ते सरांच्या तासाला बसतात हे माहीत नव्हतं. आमच्याकडे भासऱ्यासमोर बाई बोलत नाही, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्यांच्या बसण्याच्या जागी बसत नाही. नव्या पोरी आता हे मानत नाहीत, पण आई मानते. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, मोठ्या बाबांनी तिचा आवाज ऐकलेला नाही. काही सांगायचं झालं तर आधी बाबांमार्फत, नंतर आम्हा पोरांमार्फत.

"आई, ते मालेगावले आहेत," मी म्हटलं.

"म्हून काय झालं? दिसून त राह्यले ना. मी त्यायच्यासमोर आडवी होऊ?"

मला हसू फुटलं. सरांना फुटलं नाही. हजेरीनंतर त्या दिवशी आमचाही आवाज बंद होता, पण धनजची नाती त्यांना ठाऊक होती; आईचा पदर आणि चार नंबर पाहून त्यांनी काय ते ओळखलं. ते म्हणाले, "सात नंबर, आज बसूनच श्वास घ्या," आणि तास पुढे नेला.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. सगळ्यांनी फोन जमिनीवर ठेवायचा, तांब्याला टेकवायचा आणि फोनचं तोंड पायांकडे करायचं. चेहरे दिसायला नकोत. तलाठी म्हणाले, असं काहून? सर म्हणाले, "तोंड खोटं बोलते. जमलं नाही तरी हासते. पाय खोटं बोलत नाही." कारण सगळ्यांना पटलं. खरं कारण काय ते मला, आईला आणि सरांना माहीत. आणि आईचं काय, ती खूश. "पायाचं काय, पाय त वावरात सारेच पाह्यतात." हजेरीचाही प्रश्न सरांनीच सोडवला. सात नंबर पुकारला की आईने चमच्याने स्टीलच्या ताटलीवर एकदा वाजवायचं. टण्. सर पटावर लिहायचे, हजर.

त्या दिवसापासून पडद्यावर नुसते पाय दिसायला लागले. पंधरा-सोळा चौकोन आणि प्रत्येकात दोन तळवे. पहिल्यांदा फार चमत्कारिक वाटायचं. पण सर महिन्याभरात सगळ्यांना पायांवरून ओळखायला लागले आणि पायांवरूनच बोलायला लागले. "अकरा, नखं कापा." "तीन नंबर, हळद शिजवून राह्यले वाटते, टाचा पिवळ्या दिसतात." "नऊ, अंगठा कायले आखडून ठेवला? घरी भांडन झालं का?" नऊ नंबरचं सुनेशी खरंच वाजलं होतं, हे नंतर कळलं. एका आजोबांच्या एकाच पायाला सूज दिसली म्हणून सरांनी तास थांबवून त्यांच्या मुलाला फोन लावायला सांगितला आणि तो डॉक्टरकडे घेऊन जाईपर्यंत रोज विचारत राहिले. माझे पाय पाहून एकदा म्हणाले, "एकोणीस, चप्पल बदल." मी बदलली.

हजेरी झाली की सर सगळ्यांचे आवाज बंद करायचे. कोणाकडे कुकर, कोणाकडे कोंबडा, कोणाकडे टीव्हीवर भजन. एका बटणाने सगळे बंद करता येतात हे मी त्यांना दाखवलं होतं, पण ते एकेक नंबर शोधून, बोट टेकवून बंद करायचे. त्यात पाच मिनिटं जायची आणि सगळ्यांचे पाय कंटाळून हलायला लागायचे. सात नंबर मात्र ते सोडून द्यायचे. त्यामुळे अख्ख्या वर्गाला आमच्या धनजच्या अंगणातल्या चिमण्या आणि शेजारणीची बोलणी ऐकावी लागायची. मला वाटलं, विसरतात. सांगायला म्हणून फोन केला.

"विसरत नाही मी," सर म्हणाले. "बाकीच्यायच्या घरी कोनी ना कोनी हाये. सात नंबर एकटी हाये. पडली त आवाज ऐकू आला पायजे का नाही?"

माझ्या सख्ख्या भावाला आणि मला हे सुचलं नव्हतं.

तरीही दिवाळी जवळ येत होती. आई पाठीवरून कुशीवर यायला शिकली होती, कोपरावर भार द्यायला शिकली होती, चार पायांवर यायलाही जमायला लागलं होतं. पण पुढे गाडी अडायची. एक पाऊल पुढे टाकायचं आणि गुडघ्यावर हात ठेवून वर यायचं, तिथे ती बाजेचा पाय धरायची. भाऊ रोज विचारायचा, जमलं का? मी रोज म्हणायचे, जमेल. शेवटी तो चिडला. "खेळ समजता का तुम्ही? बाज काय न्हाणीत असते?" आणि त्याचं खोटं नव्हतं. कुलूप विकत आणलंय म्हणून त्याने फोटोही पाठवला. मी हिरमुसले आणि सरांना कळवलं, आईचं नाव काढून टाका, ती पुण्याला जाईल.

"अर्ज द्या," सर म्हणाले.

"सांगून राह्यले ना मी."

"सात नंबरचा अर्ज सात नंबरनं द्याचा. तू एकोणीस हायेस."

मला असा संताप आला. ज्याचं जळतं त्याला कळतं, तुम्हाला हजेरीपटाची पडली आहे, असं मी तोंडावर बोलले. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुह्या भावाले घाई हाये. म्हातारं मानूस घाईनंच पडते," आणि फोन ठेवला. आईला मी अर्जाबद्दल विचारलं तर ती म्हणाली, "कायचा अर्ज? उद्या सकाळी तास हाये ना?"

दिवाळीला आठ-दहा दिवस राहिले असतील, तेव्हाची सकाळ. मी वाशिमच्या घरी स्वयंपाकघरात होते, फोन ओट्यावर, एकीकडे डब्याच्या पोळ्या. सर एका पायावर उभं राहून दाखवत होते. एक हात भिंतीला लावून ठेवा, असं ते आम्हाला रोज बजावायचे. स्वतः कधी लावायचे नाहीत. त्यांचं हे मला शाळेपासून खटकायचं. अचानक ते डुलले. स्टुलाला धरायला गेले, स्टूल कलंडलं, त्यावरचा फोन खाली पडला. काही क्षण छत दिसलं, मग चित्र हललं आणि थांबलं. फोन त्यांच्या बुटांना टेकून उभा राहिला होता. पडद्यावर सरांचे दोन पाय. पंजे वर, टाचा जमिनीला. इतके महिने त्यांनी आमचे पाय पाहिले होते, आम्ही त्यांचे पहिल्यांदा पाहत होतो. टाचांना भेगा होत्या.

घराला आतून कडी, घरात दुसरं कोणी नाही, आणि बाकी सगळ्यांचे आवाज सरांनीच बंद करून ठेवलेले. स्वतःचा आवाज कसा चालू करायचा ते त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही येत नव्हतं. चौकोनांत पाय नुसते तडफडत होते. मला येत होतं. मी आवाज चालू केला, "सर! सर!" असं दोनदा ओरडले, आणि पुढे काय म्हणायचं ते मला सुचेना.

"चूप राह्य वं तू."

हा आवाज आईचा होता. घरात पोरांवर ओरडतानाचा, खणखणीत. बाकीच्या वर्गाने तो कधी ऐकला नव्हता. मोठ्या बाबांनी पन्नास वर्षांत ऐकला नव्हता.

"ओ मास्तर," आई म्हणाली, "पायाची बोटं हालवून दाखवा."

पडद्यावर डाव्या पायाची बोटं हलली. मग उजव्या.

"हालून राह्यले. काही नाही झालं. उठाची घाई नोका करू. आधी श्वास घ्या."

सरांनी घाई केलीच. पाय एकदम वळले आणि धप्पकन परत आले. "नोको म्हनलं ना!" आई कडाडली. "कुशीवर व्हा पह्यले. उजव्या. हां. आता कोपर टेकवा." सरांचा हळू आवाज आला, "टेकत नाही, सात नंबर. समजून नाही राह्यलं कसं." ज्या माणसाने हे रोज सांगितलं त्यालाच ते आठवत नव्हतं. ओल्या फरशीवर आईला काय झालं होतं ते मला तेव्हा नीट कळलं.

मग आईने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिने तांब्याला टेकवलेला फोन उचलला, लांब उंबऱ्याशी नेऊन ठेवला आणि पुन्हा येऊन सतरंजीवर उभी राहिली. आता ती डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसत होती. सरांना दिसावी म्हणून. म्हणजे सगळ्यांनाच. तिचा हात पदराकडे गेला, क्षणभर थांबला. त्याच वेळी चार नंबरच्या चौकोनात अंधार झाला. मोठ्या बाबांनी आपला फोन पालथा घातला होता.

"मी करतो तसं करा, मास्तर. पाहा इकडं," म्हणत आई आडवी झाली. कुशीवर आली. कोपर, मग हात, मग चार पायांवर. एकेक सांगत, एकेक करत, थांबत. सरांच्या फोनमध्ये पाय दिसेनासे झाले, गुडघे दिसले. "आता एक पाऊल पुढं. गुडघ्यावर हात. खाली नका पाहू, समोर पाहा." आईच्या आसपास बाज नव्हती, भिंत नव्हती, काही नव्हतं. ती उठून उभी राहिली. तिकडे केनवडला पांढऱ्या पँटचे दोन पाय हळूहळू सरळ झाले.

माझ्या तव्यावरच्या पोळीचा कोळसा झाला होता. मी ओट्याला धरून रडत होते.

सरांनी फोन उचलला. केस विस्कटलेले, कोपर खरचटलेलं. खुर्चीवर बसले, पाणी प्याले, हजेरीपट उचलून मांडीवर घेतला. "बरोबर," ते म्हणाले. "पन चार पायावर आल्यावर श्वास घ्याचं सांगाले विसरल्या तुमी." आणि जरा थांबून, "सात नंबरनं बाज धरली नाही, हे साऱ्यायनं पाह्यलं. तास संपला."

त्याच दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी भावाला फोन केला. आई येणार नाही, म्हटलं, आणि का ते सांगितलं. दिवाळीत तो गाडी घेऊन आला तेव्हा आईने त्याच्यासमोर दोनदा आडवं होऊन उठून दाखवलं, तिसऱ्यांदा त्यालाच करायला लावलं. त्याला जमेना, मोठी ढेरी आडवी आली. जाताना गाडीत आईच्या जागी वांगी आणि सांबार भरून गेला. कुलूप आईने ठेवून घेतलं, ते आता मागच्या वाडीच्या फाटकाला असतं.

सरही केनवडलाच राहिले. फक्त तासाच्या वेळी दाराची कडी लावणं सोडलं, आणि एका पायावर उभे राहताना एक हात भिंतीला लावायला लागले. ते बोलून कोणी दाखवलं नाही.

पण दुसऱ्या दिवशीच्या हजेरीचं सांगायचं राहिलं. आई आदल्या दिवसापासूनच धास्तावलेली होती. सर पडले याची नाही, आपण उठलो याचीही नाही. "भासऱ्यायसमोर एवढी बोलली मी," रात्री फोनवर हेच चाललं होतं. "आडवी झाली. काय म्हनतीन थे?" मी म्हटलं, त्यांनी फोन पालथा घातला होता, काही पाहिलं नाही. "ऐकलं त अशीनच ना," आई म्हणाली. तासाला बसूच नये असं तिच्या मनात होतं. मी म्हटलं, मग अर्ज दे. अर्ज द्यायलाही बोलावं लागतं, म्हणून ती बसली.

सर नेहमीसारखे उभे. कोपराला पट्टी. एक, हजर. दोन, हजर. तीन, हजर.

"चार."

"हजर," मोठे बाबा म्हणाले. मग खाकरले. "सर, एक अर्ज हाये."

"बोला."

"सात नंबरले सांगा," मोठे बाबा म्हणाले. आईशी थेट बोलणं त्यांनाही कुठे जमणार होतं. "म्हना, ताटली ठेवून दे आता. तोंडानं हजेरी देल्ली त आमची काही हरकत नाही. काल त्या आवाजानं मानूस उठलं."

सरांनी पेन काढलं, पटाच्या समासात काहीतरी लिहिलं. "अर्ज मंजूर," म्हणाले. "पाच."

"हजर."

"सहा."

"हजर."

"सात."

धनजच्या अंगणातल्या चिमण्या ऐकू येत होत्या. आईचे पाय पडद्यावर जवळजवळ जुळलेले, अंगठे एकमेकांवर चढवलेले. चमचा कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला.

"हजर," आई म्हणाली.

सरांनी लिहिलं. आठपासून वीसपर्यंत सगळे नंबर घेतले, एकेकाचा आवाज बंद केला, सात नंबर सोडून. मग गाल फुगवून शिट्टी वाजवली. ती नेहमीप्रमाणे कोणालाच ऐकू आली नाही, आणि सगळ्यांनी आपापले पाय उचलले.